भूतदया आणि सावधपणा

सज्जनहो, चांगदेव वाघावर बसून आले, ही कथा आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. माऊलींनी भिंत चालविली. वाघाला मारिले नाही की हुसकाविले नाही.

आज जुन्नरच्या उसात बिबट्या पिलांसह राहतो. २००१ ते २००३ या काळात तेथले पुष्कळ बिबटे धरून दुसऱ्या रानांत सोडले. माणसांवरचे हल्ले उलट वाढले. परक्या मुलखात जीव बावरतोच.

जिचे लेकरू गेले, त्या माउलीला भूतदया सांगताना आमची जीभ अडखळते. म्हणून दयेला सावधपणाची जोड द्या. सांजेला पोर एकटे धाडू नका. गोठा बंदिस्त ठेवा. उसाच्या कडेला वाकून बसू नका. रात्री मोठ्याने नाम घेत चला. चाहूल लागली की तो बहुधा आपणच वाट सोडतो. दिसलाच, तर गर्दी नको, दगड नको.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!