अखेरच्या दिवशीं सांगितलेलें दुःख



पांचगणी येथील सेंट पीटर्स शाळेंत फारोख बुलसारा नांवाचा एक पारशी मुलगा शिकत असे. त्याचा जन्म १९४६ सालीं झांझिबार बेटांत झाला. पांचगणीस तो पियानो वाजविण्यास शिकला. पुढें इंग्लंडांत ‘क्वीन’ या गायनमंडळीचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून त्याची कीर्ति जगभर पसरली.

परंतु त्यास एड्सचा रोग जडला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्यानें हें लोकांस कळविलें, आणि दुसरेच दिवशीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, तो मरण पावला. अफाट समुदायापुढें गाणाऱ्यानेंहि हें दुःख अखेरपर्यंत झांकून ठेविलें!

मग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतील गरीब रोग्यानें तें कोणापाशीं बोलावें? पाणवठ्यावर व पंगतींत आपण त्याशीं कसें वागूं, याचेंच त्यास भय वाटतें. प्रभूनें कुष्ठरोग्यास आधीं स्पर्श केला व मग शुद्ध केलें, हा क्रम आपण विसरलों काय?

हा रोग स्पर्शानें किंवा सहभोजनानें होत नाहीं. १९९६ च्या सुमारास त्यास आवरून धरणारे औषधोपचार निघाले. २००४ पासून आपल्या देशांत सरकार ते फुकट देत आहे. औषध नित्य घेणारा पुष्कळ वर्षें जगतो.

उपदेशक बंधूंनो, ज्याच्या घरीं कोणी जात नाहीं, त्याच्या ओसरीवर या आठवड्यांत बसा. त्याच्या हातचें पाणी प्या. आपलें दुःख सांगावयास त्यास अखेरच्या दिवसाची वाट पाहावी न लागो. आमेन.