माकडाच्या हाती तराजू

आम्ही न्हावा शेव्याकडे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. समोरच्या घारापुरी बेटावरची माकडे आमच्या मुलांच्या चांगल्या ओळखीची. तिथल्या सहलीहून परतल्यावर एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर माकड काढले. डोळ्यांवर चष्मा, हातात पट्टी. चष्मा आमचाच होता. वर्ग हसला, आम्ही संतापलो आणि त्या मुलाला तासभर बाहेर उभे केले.

रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयाची इमारत आठवली. कर्नल फुलर यांच्या आराखड्याची ही इमारत 1878 साली पूर्ण झाली. तिच्या दगडी कोरीव कामात एक माकड न्यायाधीश झाले आहे : एका डोळ्यावर पट्टी, हाती तराजू. सोबत वकिलाच्या वेषातला कोल्हाही आहे. खटला हरलेल्या कुणा कंत्राटदाराने असा सूड उगवला, ही दंतकथा. त्याआधी, 1840 च्या सुमारास, इंग्लंडमध्ये एडविन लँडसीअर यांनी न्यायासनावर बसलेला कुत्रा रंगवला होता. जनावरांना माणसांचे कपडे चढवण्याची त्या शतकाला मोठी हौस होती.

पण ही हौस नेहमीच निरागस नव्हती. त्याच शतकात लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकातली व्यंगचित्रे आयरिश माणसाला वानराचे तोंड देत होती. दोन्हीकडे जनावरच; मग एक विनोद आणि दुसरा जुलूम का? आम्हांला वाटते, फरक हसणाऱ्याच्या जागेचा आहे. हरलेला माणूस न्यायाधीशाला माकड म्हणतो, तेव्हा तो जाब विचारतो. बलवान माणूस दुबळ्याला माकड म्हणतो, तेव्हा तो त्याचा जाब विचारण्याचा हक्कच काढून घेतो.

दहाव्या शतकातल्या बसऱ्याच्या ‘इख्वानुस्सफा’ंच्या कथेत जनावरे जिन्नांच्या बादशहापुढे माणसावर फिर्याद करतात. मौलवी इकराम अली यांनी 1810 साली ती उर्दूत आणली. तिथेही जाब द्यावा लागतो तो मालकाला.

उच्च न्यायालयाचे ते माकड कुणी छाटून टाकले नाही, आणि त्याच्यामुळे इन्साफाची इज्जतही गेली नाही. आम्ही मात्र रोज वर्गात ‘गधे’, ‘बंदर’ अशा हाका मारतो आणि त्याला तालीम म्हणतो. मुलाने एकदाच उलट म्हटले, तेही पेन्सिलीने, तर आमची इज्जत धोक्यात आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही परत केली. माफी मागायला जीभ वळली नाही. पण आता ‘गधे’ हा शब्द ओठांवर येताच हात आधी चष्म्याकडे जातो.