एका पैचा हिशेब

गुरू समोर नसताना विद्या मिळते का, हा प्रश्न आपल्या दत्तभक्तांना नवा नाही. आपल्यापैकी किती जणांनी गुरूंना डोळ्यांनी पाहिले आहे? पोथी, पादुका आणि नामस्मरण एवढ्या आधारावरच तुमची आमची वाटचाल चालू असते. पण २०२० साली हाच प्रश्न पोथीतून उठून मुलानातवंडांच्या अभ्यासाच्या पाटावर येऊन बसला. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या. २३ मार्चला होणारा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. आणि १५ जूनला नवे वर्ष सुरू झाले ते फळ्यावर नव्हे, मोबाईलच्या पडद्यावर. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, सकाळी आठ वाजता घराघरांतून एकच वाक्य ऐकू यायचे, "टीचर, आवाज येत नाही."

आमच्या गुरुवारच्या भजनी मंडळात त्या काळात यावर बरीच चर्चा झाली, तीही फोनवरच. एक पक्ष म्हणे, यंत्रातून माहिती येईल, विद्या कशी येणार? दुसरा पक्ष म्हणे, अहो, आपल्या अवधूताने अजगर, कबूतर, पतंग आणि मधमाशी यांनाही गुरू केले. मग मोबाईलला पंचविसावा गुरू मानायला काय हरकत आहे? ज्याला शिकायचेच आहे तो कुठूनही शिकतो, ज्याला शिकायचे नाही त्याला शाळेत बसवूनही उपयोग नाही.

हे दुसरे म्हणणे ऐकायला गोड आहे. म्हणूनच ते नीट तपासून घेतले पाहिजे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. त्यात पृथ्वीकडून क्षमा घेतली, पतंगाकडून रूपाच्या मोहाचा धोका घेतला, बाण करणाऱ्या कारागिराकडून एकाग्रता घेतली. पण या चोवीस जणांपैकी एकाने तरी अवधूताला शिकवले का? कबुतराला माहीतही नव्हते की आपण कोणाचे गुरू आहोत. राजाची मिरवणूक समोरून गेली तरी त्या बाण करणाऱ्याने मान वर केली नाही, तो शिष्याकडे कुठून बघणार? म्हणजे इथे सगळे काम शिष्याने केले आहे. ही गोष्ट शिष्याच्या नजरेची आहे, गुरूच्या कर्तव्याची नाही. शिवाय तो शिष्य कोण? संसाराचा पाश तोडलेला, स्वतंत्र, ज्ञानी पुरुष.

आता घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावरची दुसरीतली मुलगी घ्या. दहा बाय बाराची खोली, कुकरच्या शिट्ट्या, धाकटा भाऊ रडतोय, शेजारचा टीव्ही मोठ्याने चालू आहे. घरात फोन एक, तो वडिलांचा, आणि वडील रिक्षा घेऊन निघाले की फोनही निघाला. त्या मुलीला आपण सांगणार, बाळ, तू अवधूत हो? चोवीस गुरूंची गोष्ट स्वतःला लावून घ्यावी. दुसऱ्याच्या लेकराला लावली की ती आपली जबाबदारी झटकण्याची सोय होते. एकलव्याचे उदाहरण देणाऱ्यांचेही तसेच. पुतळ्यासमोर तो शिकला, हे सांगतात. न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून पुढे अंगठा गेला, ते विसरतात. त्या दोन वर्षांत फी थकली म्हणून मुलाला वर्गाची लिंक न पाठवणाऱ्या शाळांच्या बातम्या वाचल्या, तेव्हा मला तो अंगठाच आठवला.

मग गुरूचे कर्तव्य कुठे पाहायचे? त्यासाठी गुरुचरित्राकडे वळले पाहिजे. दिवाळीच्या सणाला सात गावांचे सात शिष्य श्रीनृसिंहसरस्वतींना न्यायला गाणगापूरला आले. प्रत्येकाचा हट्ट, माझ्याकडेच चला. स्वामींनी प्रत्येकाला जवळ बोलावून कानात सांगितले, तुझ्याच घरी येतो, कोणाला सांगू नकोस. आणि ते साताही ठिकाणी गेले, शिवाय मठातही राहिले. अशी आठ रूपे झाली. पुढे कार्तिकीला सगळे जमले तेव्हा वाद लागला, स्वामी तर माझ्या घरी होते! प्रत्येकाने आपण अर्पण केलेल्या वस्त्राची खूण सांगितली आणि ती पटली.

एकाच वेळी अनेक घरी दिसणे हे तर आता तंत्रज्ञानाने शाळेच्या बाईंनाही साधले. साठ घरांत एकदम एक चेहरा. मग फरक कुठे राहिला? तो त्या वस्त्रात आहे. स्वामी प्रत्येक घरी दिसले आणि प्रत्येक घरचे त्यांनी घेतलेही. ज्याने त्याने दिलेले ज्याचे त्याचे म्हणून त्यांच्यापाशी पोचले होते. पडद्यावर बाई साठ जणांना दिसतात, पण साठ जण बाईंना दिसतात का? मुलाने काय दिले, कुठे अडखळले, कोणती बेरीज चुकली, हे त्यांच्यापर्यंत पोचले का? पोस्टात पूर्वी रजिस्टर पत्राबरोबर पोचपावती लावत. शिकवणे म्हणजे पत्र टाकणे. शिकणे म्हणजे ते मिळणे. या दोहोंमध्ये पोचपावती असते, आणि ती वाचायची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. पैसे पाठवले की एका खात्यातून कमी होतात आणि दुसऱ्यात जमा होतात. विद्येचे तसे नाही. देणाऱ्याच्या खात्यातून काही कमी होत नाही. हे तिचे मोठेपण आहेच, पण तिथेच एक धोकाही आहे. पैसे वाटेत अडकले तर दोन्ही बाजू जुळत नाहीत, लगेच कळते. विद्या वाटेत हरवली तर देणाऱ्याच्या वहीत काहीच बिघडलेले दिसत नाही. 'आज अपूर्णांकाचा पाठ घेतला' अशी नोंद झाली, संपले. म्हणूनच ती पोचली का हे मुद्दाम जाऊन पाहावे लागते.

आमच्या इमारतीत महानगरपालिकेच्या शाळेतल्या एक बाई राहतात. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. या मराठी माध्यमाच्या, सातवीच्या वर्गशिक्षिका. त्या जूनमध्ये त्यांनी साधी दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलाचे एक पान. वर लिहिलेले, फोन कोणाचा, घरी किती वाजता असतो, रिचार्ज कधी संपतो. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'ची वेळ. ही पहिली ते आठवीसाठीची मालिका २० जुलै २०२० पासून सुरू झाली होती आणि तिला डेटा लागत नव्हता, हा मोठाच आधार. बाकीच्यांना संध्याकाळी सात ते नऊ, आईवडील घरी आल्यावर, एकेकाला फोन. मुलांनी वहीचे फोटो पाठवायचे आणि बाईंनी बोटाने पडद्यावर बरोबर-चूक करायचे. डोळ्यांतून पाणी यायचे, पण वहीतले एकही पान कोरे राहू द्यायचे नाही, असा त्यांचा नेम.

त्यांच्या वर्गात त्रेपन्न मुले. जुलैअखेर पन्नास जणांशी गाठ पडली. वर अहवाल द्यायचा तर चौऱ्याण्णव टक्के, कोणीही शाबासकी दिली असती. मी म्हटलेही, "बाई, बरेच झाले की." त्या म्हणाल्या, "काका, बँकेत तीन रुपये कमी आले तर तुम्ही घरी जायचात का?"

मला उत्तर सुचले नाही, कारण उत्तर आपल्या परंपरेतच दिलेले आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे नाथमहाराज हिशेबाचे काम पाहत. एकदा एका पैचा ताळा लागेना. रात्रभर समईपाशी बसून त्यांनी ती पै शोधली, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी ते पाहिले आणि म्हणाले, एवढी तळमळ भगवंतासाठी लागली तर काय होईल! ही कथा आपण एकाग्रतेची म्हणून सांगतो. मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. पै किती लहान आहे हे नाथांनी पाहिले नाही. ताळा लागत नाही म्हणजे लागत नाही. आणि जनार्दनस्वामीही त्या रात्री शिष्याकडे लक्ष ठेवून होते. शिष्य पै शोधत होता आणि गुरू शिष्याला पाहत होते.

बाईंनी ते तीन रुपये शोधायला घेतले. एका मुलाचे कुटुंब खेडला गावी निघून गेले होते. शेजाऱ्याकडून चुलत्याचा नंबर मिळाला आणि तो मुलगा कोकणातल्या ओटीवर बसून मुंबईची शाळा शिकू लागला. ही तर तंत्रज्ञानाची कृपाच. पूर्वी गाव गाठले की शाळा सुटलीच म्हणायचे. दुसरीच्या घरी रिचार्जला पैसे नव्हते. तेवढे आमच्या मंडळाने पाहिले. तिसऱ्याचा नंबर बंद, खोलीला कुलूप, घरमालकालाही पत्ता ठाऊक नाही. तो सापडला नाही. त्याचे पान बाईंनी फाडलेले नाही.

याच वर्षात एक बारीक गोष्टही शिकायला मिळाली. काही ठिकाणी सक्ती होती, कॅमेरा चालू पाहिजे. कॅमेरा चालू केला की मुलामागची खोली सगळ्या वर्गाला दिसते. वाळत घातलेले कपडे दिसतात, आजारी आजोबा दिसतात, मोरीही दिसते. मुले हसतात आणि ते लेकरू दुसऱ्या दिवशी 'नेट नव्हते' म्हणते. आपले दत्तगुरू रोज कोल्हापूरला भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे. भिक्षेकरी उंबऱ्याबाहेर उभा राहतो. घरात काय शिजले, किती शिजले, हे तो डोकावून पाहत नाही. हाक देतो आणि जे हाती पडेल ते झोळीत घेतो. दूरवरून शिकवणाऱ्याने ही उंबऱ्याची मर्यादा पाळावी. मुलाला पाहायचे म्हणजे त्याच्या वहीत पाहायचे, त्याच्या आवाजात ऐकायचे. त्याच्या गरिबीत डोकावण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

यंत्राचे वाकडे मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायची कल्पना त्यांनी आधी आपल्या छोट्या शाळेत राबवली. मुलाला हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा तो पाठ पुन्हा ऐकता यावा, ही त्यामागची सोय. आणि पुरस्कार जाहीर होताच अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मला दोन्ही गोष्टींत एकच वृत्ती दिसते. हाताशी साधन आले की आधी विचार कोणाचा, तर ज्याच्यापर्यंत ते पोचलेले नाही त्याचा.

१६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला. परीक्षा न होता, अंतर्गत गुणांवर, ९९.९५ टक्के. पासबुकात नोंदी सुरेख होत्या. शिल्लक खरी किती, ते पुढे कळत गेले. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ ला उघडले, जानेवारीत पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीला परत उघडले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल प्रथम बाकावर बसले ते दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर. त्याला रांगेत उभे राहणे, खोडरबर मागून घेणे, भांडून परत बोलणे, हे सगळे तेव्हा शिकायचे होते. या गोष्टी कोणत्याच पडद्यावरून पाठवता येत नाहीत, कारण त्यांना दुसरे मूल लागते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. गुरू दूर असला तरी विद्या मिळते. तसे नसते तर आपला संप्रदायच उभा राहिला नसता. पण दूर असलेल्या गुरूवर जवळच्यापेक्षा जास्त भार पडतो. वर्गात मागच्या बाकावरचे मूल गप्प बसले तर डोळ्याला दिसते. दूरवर गप्प बसलेले मूल दिसत नाही, त्याला शोधावे लागते. मूल मोठे होईल तशी त्याच्या अंगी अवधूताची नजर यावी. तोवर शोधण्याचे काम मोठ्यांचे. फक्त शिक्षकांचे असेही नाही. आजही नातवंडे तासन् तास ॲपवर शिकवणी ऐकतात. रात्री जेवताना आपण आजीआजोबांनी एवढेच म्हणावे, "आज काय शिकलास? मला शिकव बघू." पोर समजावू लागले की पोचपावती मिळाली. अडखळले, तर कुठे अडखळले ते शिक्षकांना कळवावे.

दत्तगुरूंच्या झोळीत राजाची भिक्षा आणि रंकाची भिक्षा एकत्र पडते, आणि त्यांना दोन्ही ठाऊक असतात. आपल्या वस्तीत, आपल्या इमारतीच्या मागच्या चाळीत, कोणाचे पान अजून कोरे आहे का, एवढे या जयंतीला प्रत्येकाने पाहावे. ताळा लागेपर्यंत समई विझवू नये.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥