गाऱ्हाणे आणि साक्ष

तळोज्याच्या फेज दोनमध्ये आमची प्रार्थनासभा दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी भरते. मुंबईतली भाड्याची खोली सोडून, कर्ज काढून इथे आलेली बहुतेक कुटुंबे. गीत होते, वचन होते, मग साक्षींची वेळ येते. हप्ता थकला होता, प्रभूने सोय केली. मुलाला नोकरी लागली. गाठ साधी निघाली. प्रत्येक साक्षीनंतर सगळे ‘आमेन’ म्हणतात. मीही म्हणते, मनापासून. पण ज्यांचा मुलगा अजून घरीच आहे, ज्यांची गाठ साधी निघाली नाही, ती माणसे त्या वेळी मान खाली घालून बसतात. विश्वास कमी पडला, असे त्यांना कुणी तोंडावर म्हणत नाही; त्यांचे त्यांनाच ते वाटत राहते. देवावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या खाली गेलेल्या मानांमुळे पडला.

त्याचे उत्तर शोधताना मला माझ्याच परिसरातल्या कारागृहाकडे पाहावे लागले.

फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघाचे धर्मगुरू. जन्म १९३७चा, तमिळनाडूतला. आयुष्याची पुढची दशके झारखंडच्या आदिवासींमध्ये गेली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीजवळच्या ‘बगईचा’ या संस्थेतून एल्गार परिषद प्रकरणात अटक केली आणि तळोजा मध्यवर्ती कारागृहात त्यांची रवानगी झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. खटला उभा राहण्याआधीच ते गेले, त्यामुळे त्या आरोपांवर निकाल कधी लागलाच नाही. मी इथे लिहिते आहे ते त्या प्रकरणाबद्दल नव्हे, तर आत असताना हा म्हातारा माणूस विश्वास कसा जगला त्याबद्दल.

वय त्र्याऐंशी. पार्किन्सनमुळे हात इतके थरथरत की पेला धरता येत नसे. कानांनी नीट ऐकू येत नसे. ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयात अर्ज केला: पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवस मागितले आणि सुनावणी २६ नोव्हेंबरवर गेली. त्या दिवसांत देशभर या सिपरची चर्चा झाली. मला मात्र त्या अर्जाकडे प्रार्थना म्हणून पाहावेसे वाटते. प्रभूने शिष्यांना प्रार्थना शिकवली तेव्हा वर्षभराचे धान्य मागायला सांगितले नाही. आजची भाकर आज मागायला सांगितले. आजच्या भाकरीइतकीच मोठी गोष्ट म्हणजे आजचा पाण्याचा घोट. तो हवा असेल तर तो ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे अर्ज करायचा, नाव-तारीख घालून, आणि तो मिळेपर्यंत मागत राहायचे. यात देवावरचा विश्वास कुठेही उणा पडत नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्याकडे आळशाची थट्टा करायला वापरतात, पण भक्तीच्या नावाखाली आपणही पुष्कळदा तेच शिकवतो: गप्प राहा, मागू नकोस, देव बघून घेईल.

त्याच नोव्हेंबरात त्यांनी एका सहकारी धर्मगुरूला पत्र लिहिले. ते मी अनेकदा वाचले आहे. आपली कोठडी साधारण तेरा फूट बाय आठ फूट, सोबत आणखी दोन कैदी, असे ते सांगतात. सहआरोपी अरुण फरेरा त्यांना नाश्ता आणि दुपारचे जेवण करायला मदत करत, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळ घालायला. कोठडीतले ते दोन कैदी रात्रीच्या जेवणाला मदत करत, कपडे धूत, गुडघे चोळून देत. ते दोघे अगदी गरीब घरचे आहेत, असे लिहून फादरांनी विनंती केली की आपल्या सोबत्यांची प्रार्थनेत आठवण ठेवा. इतक्या अडचणींत तळोज्याच्या तुरुंगात माणुसकी उसळते आहे, असा त्या पत्राचा सूर आहे.

इथे मला थांबावेसे वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी काम केले त्याला आयुष्याच्या शेवटी दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागतो. देणाऱ्याला घेणे फार अवघड जाते. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या डोळ्यांत दुखण्यापेक्षा जास्त ओशाळलेपण होते, ते मी रोज पाहिले. फादरांच्या पत्रात ते ओशाळलेपण नाही. मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’ आणि ‘टाकतो’सुद्धा. ठेवलेला विश्वास उचलून परत घेता येतो. टाकलेल्या विश्वासात स्वतःचा भारच दुसऱ्यावर गेलेला असतो. देवावर भार टाकायचा म्हणजे पुष्कळदा देवाने जवळ बसवलेल्या माणसावर भार टाकायचा आणि त्याच्या हातचा घास लाज न बाळगता गिळायचा. ‘देव मदत करेल’ असे आपण म्हणतो तेव्हा ती मदत गुडघे चोळणाऱ्या गरीब कैद्याच्या हातांनी येईल, हे मनात धरलेले नसते.

पंडिता रमाबाईंना हे फार आधी कळले होते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकापाठोपाठ गेली. घरात देवभक्ती काठोकाठ होती. असेल नसेल ते दानधर्मात, तीर्थयात्रांत गेले होते आणि उपाशी कुटुंब देवाच्या कृपेची वाट पाहत होते. कृपा आली नाही. ज्या मुलीने हे पाहिले तिने पुढे ख्रिस्ताला जवळ केले आणि १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली-बायकांना आणून आधार दिला. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेले मदतीचे वचन १८९८मध्ये संपले, आणि रमाबाईंनी पुढचा भार प्रार्थनेवर टाकला. पण केडगावात विहिरी होत्या, शेती होती, छापखाना होता, हिशेब होता. एका विश्वासाने आपले घर कसे संपले ते पाहिलेल्या बाईचा हा विश्वास. म्हणून त्याला हात होते.

बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने जुलै १९४४मध्ये लिहिले ते त्या गरीब कैद्याच्या हातांशी जुळते: ख्रिस्त आपल्याला मदत करतो ती बळाने नव्हे, स्वतःच्या दुर्बलतेने आणि दुःखाने. नऊ महिन्यांनी त्याला फाशी झाली. त्याच्या आयुष्यात सुटकेची साक्ष नाही.

फादर स्टॅन यांच्याही नाही. २१ मे २०२१ रोजी ते दूरदृश्य प्रणालीने मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. तळोज्यात आलो तेव्हा स्वतःच्या हाताने खात होतो, थोडे लिहीत होतो, चालत होतो, आंघोळ करत होतो. हे एकेक करून जाते आहे, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालयात जाण्यापेक्षा इथेच मरण आले तरी चालेल, फक्त आपल्या माणसांत जाऊ द्या, हे मागणे होते. २८ मेच्या आदेशानंतर त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले, तिथे कोरोना निघाला आणि ५ जुलैला, जामीन अर्ज सुनावणीवर असतानाच, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

साक्ष हा शब्द आपण प्रार्थनासभेत वापरतो, तोच न्यायालयातही चालतो. न्यायालयातल्या साक्षीत शेवट गोड असावा लागत नाही. खरे सांगावे लागते. फादरांचे ते बोलणे मी साक्षच मानते, आणि ते गाऱ्हाणेही होते. आमच्या या कोकणपट्टीत गावकरी देवापुढे उभे राहून मागणे मांडतात त्याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. तक्रार आणि प्रार्थना यांना इथल्या लोकांनी एकच शब्द दिला. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत किती तरी अशी गाऱ्हाणी आहेत, आणि क्रुसावर प्रभूच्या तोंडी आले तेही त्यांतलेच एक. देव आहे, तो ऐकतो, हे ज्याला ठाऊक आहे तोच त्याच्यापाशी गाऱ्हाणे घालतो. ज्याने विश्वास सोडला तो कशाला मागेल?

मागच्या शुक्रवारी साक्षींची वेळ आली तेव्हा मी फादर स्टॅन यांच्या पत्रातली विनंती वाचून दाखवली. कोपऱ्यात बसणाऱ्या एका बाईंनी प्रथमच मान वर केली. त्यांच्या धाकट्या मुलाचे डायलिसिस दोन वर्षे चालू आहे. त्या उठल्या आणि म्हणाल्या, की काही बरे झालेले नाही, मी देवावर रागावले आहे, शेजारीण दर मंगळवारी रिक्षाने आमच्याबरोबर येते. एवढे बोलून त्या बसल्या. ‘आमेन’ म्हणायला आम्हाला थोडा वेळ लागला. मग आम्ही त्या मुलासाठी प्रार्थना केली, शेजारणीसाठी केली, आणि फादरांचे कपडे धुणाऱ्या त्या दोघांसाठीही.