पैशाचा ताबा

भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा लगेच आकड्यावर येते. मुंबईत तीन महिन्यांचे असावे की सहा, बंगळुरूत दहा महिन्यांचे मागतात ही केवढी लूट, आणि केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरांसाठी दोन महिन्यांची मर्यादा असताना राज्ये ती का लावत नाहीत. लेखांत, वाहिन्यांवर, गृहनिर्माणावरच्या परिसंवादांत हाच सूर असतो. हेतू चांगलाच आहे, पण मला ही चर्चा उथळ वाटते. प्रश्न भलत्याच जागी पकडला आहे.

तो कुठे पकडायला हवा, हे म्हाडाची सोडत लागलेल्या कुटुंबाकडे पाहिले की स्वच्छ दिसते. 2024 च्या मुंबई सोडतीत 2,030 घरांसाठी एक लाख तेरा हजारांहून अधिक अर्ज आले होते. ज्यांना घर लागले त्यातल्या अनेकांचा मुक्काम भाड्याच्याच घरात. इंग्लंडमध्ये कौन्सिलचे घर भाड्याने मिळते. आपल्याकडे सार्वजनिक घर म्हणजे मुख्यतः विकत घ्यायचे घर. त्यामुळे नंबर लागल्याचा आनंद ओसरायच्या आत पैशाची जुळवाजुळव सुरू होते. पहिली रक्कम मुदतीत भरायची, उरलेली कर्ज काढून भरायची, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी, आणि ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू. जुने घर सोडण्याचा महिना हा त्या कुटुंबाच्या हातात सर्वात कमी पैसा असण्याचा महिना. नेमका तेव्हाच त्यांचा एक लाख किंवा दीड लाख रुपया जुन्या मालकाकडे पडून असतो.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने कांदिवलीतले भाड्याचे घर सोडले, तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. मालक किल्ली घ्यायला आले आणि मोबाइलचा टॉर्च लावून भिंती पाहू लागले. खिळ्यांची भोके, कडप्प्यावरचा हळदीचा डाग, बाथरूमच्या दाराची खालून फुगलेली कड. दार पहिल्याच पावसात फुगले होते आणि ते मालकांना तेव्हाच कळवले होते. रंगकाम, गीझर, दार, एक महिन्याची नोटीस अशी वजाबाकी करून मालक म्हणाले, उरलेले पैसे पुढचा भाडेकरू आला की देतो. त्या घरातल्या वहिनींनी तारीख विचारली, तेव्हा त्यांचे उत्तर होते, ‘तुम्हाला तर म्हाडाची लॉटरी लागली, एवढ्याशा पैशासाठी कशाला भांडता?’

या संवादातली रंगकामाची आणि दाराची चर्चा बाजूला ठेवू. तिच्यात मालकाची बाजू काही अंशी खरीही असू शकते. नोटीस न देता घर सोडले तर एक महिना कापणे करारात बसते. मला महत्त्वाचे वाटते ते ‘पुढचा भाडेकरू आला की’ हे वाक्य. मुंबई-पुण्यात घर सोडलेल्या कोणालाही विचारा, हे वाक्य त्याने ऐकलेले असते. त्याचा अर्थ एकच, की पैसे आता नाहीत. मुलीच्या फीमध्ये, दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यात किंवा धंद्यात ते केव्हाच गेले. नव्या भाडेकरूचे डिपॉझिट येईल तेव्हा जुन्याचे फिटेल. नुकसानीचे तारण म्हणून घेतलेली रक्कम पहिल्या दिवसापासून बिनव्याजी कर्ज म्हणून वापरली गेली. मग भिंतीवरची भोके शोधावी लागतात, कारण परतफेड पुढे ढकलायला काहीतरी सबब हवी.

हे कर्ज आहे हे सरकारला ठाऊक नाही असे समजू नये. लिव्ह अँड लायसन्स करारावर महाराष्ट्रात 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते, आणि ते काढताना एकूण भाड्यात परत करायच्या डिपॉझिटवरचे वर्षाला 10 टक्के दराने व्याज मिळवले जाते. लाखाच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा हजार रुपये मालकाला मिळाले असे शासन गृहीत धरते आणि त्यावर आपला वाटा घेते. हा पैसा मालकाच्या हाती फिरतो, त्याला फळ देतो, हे मुद्रांक विभागाच्या हिशेबात मान्य आहे. ज्याचा पैसा आहे त्याला मात्र ना व्याज, ना परतीची हमी.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहू. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा, आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना एका दुरुस्तीने मिळालेला भाडेकरूचा दर्जा, यामुळे मुंबईतल्या मालकांच्या मनात बसलेली धास्ती सर्वांना माहीत आहे. ती धास्ती घालवण्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये कलम 24 आले. करार संपूनही लायसन्सधारक हलला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथली कार्यपद्धती संक्षिप्त, लेखी करार हाच निर्णायक पुरावा, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई. घराचा ताबा मिळवण्यासाठी इतकी चोख व्यवस्था. पैशाचा ताबा मिळवण्यासाठी अशी काहीच नाही. भाडेकरूने वकिलाची नोटीस द्यावी, दिवाणी दावा लावावा आणि तारखा घ्याव्यात. तोही त्याच करारातला पक्षकार, तीच सही, तीच नोंदणी. एकाच्या हक्कामागे खास यंत्रणा उभी आहे आणि दुसऱ्याला त्याच्या सोशिकपणावर सोडून दिले आहे.

अशा वेळी भाडेकरूच्या हातात एकच दबाव उरतो, घर न सोडण्याचा. काही करारांत तसे लिहिलेलेही असते, की डिपॉझिट परत मिळेपर्यंत तो राहू शकेल. पण ज्याला स्वतःचे घर मिळाले आहे, तो राहणार कसा? मुलांची शाळा बदललेली, हप्ता सुरू झालेला, नव्या घरी जायची सगळ्यांना घाई. तो जाणारच, हे मालकाला माहीत असते. म्हणून सार्वजनिक घर मिळवून खासगी भाड्याच्या घरातून बाहेर पडणारा माणूस डिपॉझिटच्या वाटाघाटीत सर्वात दुबळा ठरतो. एरवी ज्या घराने त्याला बळ द्यायचे, तेच इथे त्याची बाजू लंगडी करते.

आता दोन महिन्यांच्या मर्यादेकडे वळतो, कारण शहाणीसुरती माणसेही तिच्यावर विसंबून आहेत.

मर्यादा घातली की वरची रक्कम नाहीशी होत नाही, ती कागदावरून उतरते. हे मुंबईला कोणी शिकवायची गरज नाही. 1947 च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवला. पुढची पन्नास वर्षे या शहरात पागडीशिवाय खोली मिळाली नाही, आणि अखेर 1999 च्या कायद्याने कलम 56 खाली ती वैध केली. डिपॉझिटवर मर्यादा आली की उरलेले पैसे रोखीत मागितले जातील, नाहीतर फर्निचरच्या वेगळ्या कराराखाली. रोखीत दिलेले परत मागायला भाडेकरूकडे पावतीही नसेल. म्हणजे आज निदान नोंदणीकृत करारात दिसणारी रक्कम उद्या तिथेही दिसणार नाही.

समजा, मर्यादा काटेकोर पाळली गेली. तीस हजार भाड्याच्या घराचे डिपॉझिट साठ हजार झाले. सुरुवातीचा भार हलका झाला, हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण घर सोडताना काय होईल? साठ हजारांसाठी कोण वकील करणार? तीन लाख अडकले तर माणूस निदान नोटीस तरी पाठवतो. रक्कम जितकी लहान, तितके ती बुडवणे मालकाला स्वस्त, कारण तिच्यामागे कोणी कोर्टात येत नाही. मर्यादेचे समर्थक फक्त घरात शिरण्याचा दिवस पाहतात. वाद होतो तो घरातून निघण्याच्या दिवशी.

आदर्श कायद्यात परतीचीही तरतूद आहे, हे मला सांगितले जाईल. आहे, रिकाम्या घराचा ताबा घेताना योग्य त्या वजावटी करून रक्कम परत द्यावी, असे त्यात म्हटले आहे. पण वजावट योग्य की अयोग्य, हे पहिल्यांदा ठरवणार कोण? ज्याच्या खिशात पैसे आहेत तो. वाद घालायला भाडे प्राधिकरणाकडे जायचे कोणी? ज्याच्या खिशात नाहीत त्याने. आणि शेवटी तो नमुना आहे, राज्यांवर बंधनकारक नाही.

शिवाय मर्यादा मालकाची खरी भीतीही मिटवत नाही. तीन महिन्यांचे भाडे आणि विजेचे बिल थकवून रातोरात गेलेले भाडेकरूही असतात. तारण निम्म्यावर आणले की असा मालक माणसे अधिक पारखून घेईल, आणि आपल्या शहरांत ही पारख कशावरून होते ते ज्यांना जातीवरून, धर्मावरून किंवा एकट्या बाईला घर देत नाही म्हणून नकार मिळाला आहे त्यांना ठाऊक आहे.

करार नीट वाचून सही करा, हा सल्ला निरुपयोगी आहे. करारात परतीचे कलम असतेच. सोसायटीने मध्यस्थी करावी, तर सोसायटी ही मालकांची संस्था आहे.

म्हणून माझा भेद एवढाच आहे: डिपॉझिट किती, हा दुय्यम प्रश्न, मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात, हा खरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2007 पासून घरमालकाला डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत संरक्षित करावे लागते. मुदत आता 30 दिवसांची आहे आणि चुकवली तर डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड. इंग्लंडमध्ये पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आली ती 2019 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. आधी ताब्याचा प्रश्न सोडवला, मग आकड्याचा. वाद झाला तर योजनेतला निवाडा विनाशुल्क होतो, आणि वजावट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. तिथेही दोन प्रकार आहेत: एकात पैसे योजनेकडे राहतात, दुसऱ्यात मालक विम्याचे शुल्क भरून ते स्वतःकडे ठेवतो. दुसरा प्रकार आपल्याकडे आणू नये, असे माझे ठाम मत आहे. पैसा मालकाच्या हाती राहिला की ‘पुढचा भाडेकरू आला की’ हे वाक्यही राहणार. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने 1977 पासून रेंटल बाँड बोर्डाकडे रक्कम ठेवण्याची पद्धत लावली. त्या ठेवींच्या व्याजातून भाडेवाद न्यायाधिकरणाचा आणि भाडेकरू-सल्ला केंद्रांचाही खर्च भागवला जातो.

सरकारच्या हाती पैसे दिले की ते सुटत नाहीत, ही शंका रास्त आहे. पण म्हाडाच्याच सोडतीत प्रत्येक अर्जदार अनामत रक्कम भरतो, आणि ज्यांना घर लागत नाही त्या लाखभर लोकांना ती थेट बँक खात्यात परत मिळते. त्यासाठी कोणाला खिळ्यांची भोके दाखवावी लागत नाहीत. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे सक्तीची आहे, ती घरबसल्या अंगठा देऊन होते, आणि डिपॉझिटचा आकडा त्याच वेळी यंत्रणेत भरला जातो. त्याच क्षणी रक्कमही एका स्वतंत्र खात्यात जमा व्हावी. घर सोडल्यावर मालकाने ठरावीक दिवसांत फोटो आणि बिलांसह दावा करावा. केला नाही, तर पूर्ण रक्कम भाडेकरूच्या खात्यात जावी. केला, तर वादात नसलेला भाग त्याच दिवशी सुटावा आणि उरलेल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे आज फक्त घर रिकामे करून देणाऱ्या त्याच अधिकाऱ्याने, निवाडा द्यावा. आज पैसे हलवण्यासाठी भाडेकरूला धावावे लागते. तेव्हा ते अडवण्यासाठी मालकाला धावावे लागेल.

या व्यवस्थेत हेवी डिपॉझिट टिकणार नाही, हे मला मान्य आहे, आणि ते मला बोचते. दहा-पंधरा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र, या पद्धतीवर मुंबईत कितीतरी कुटुंबे राहतात. गावच्या जमिनीचा हिस्सा विकून किंवा वडिलांच्या निवृत्तीचे पैसे घालून ती रक्कम उभी केलेली असते. ती स्वतंत्र खात्यात अडकली तर मालकाला घर देण्यात काही अर्थ उरत नाही. पण ते तर उघडउघड कर्ज आहे, दोन्ही बाजूंनी मान्य केलेले. दक्षिण कोरियात याच धर्तीची जोन्से पद्धत आहे; तिथे 2022-23 च्या सुमारास घरांच्या किमती घसरल्या आणि हजारो भाडेकरूंच्या आयुष्याच्या ठेवी अडकल्या, तेव्हा संसदेला खास कायदा करावा लागला. ज्याला असा व्यवहार करायचा आहे त्याला तो करू द्यावा, पण कर्ज म्हणून: फ्लॅटवर बोजा नोंदवून, परतफेडीची तारीख घालून, मालकाने तो फ्लॅट विकला तरी घेणाऱ्यावर बंधन राहील अशा रीतीने. बँक पंधरा लाख देते तेव्हा याहून कमी कागद मागत नाही.