पाहिलं, म्हणजे काय?

प्रोग्राम एका कामातून दुसऱ्या कामात शिरतो, तेव्हा परत कुठे यायचं याची नोंद स्टॅकवर ठेवतो. घुसखोर नेमकी तीच नोंद बदलतो आणि प्रोग्रामला भलतीकडे नेतो. यावर इंटेलनं शॅडो स्टॅक काढला. परतीच्या पत्त्याची दुसरी प्रत प्रोसेसरच ठेवतो. साध्या लेखनानं ती बदलता येत नाही. परतताना दोन्ही पत्ते जुळले नाहीत, तर प्रोसेसर तिथंच अडवतो.

लिनक्सच्या कर्नेलसाठी हा कोड 2018 मध्ये मांडला गेला आणि 2023 साली 6.6 या आवृत्तीत आला. इतक्या उपकारक गोष्टीला पाच वर्षं का लागावीत? एक अडचण अशी होती, की काही प्रोग्राम ‘मला शॅडो स्टॅक चालतो’ असा शिक्का घेऊन आधीच लोकांकडे पोचले होते. त्यांतल्या काहींना तो प्रत्यक्षात चालला नसता. नुसत्या शिक्क्यावर कर्नेलनं संरक्षण सुरू केलं असतं, तर काल नीट चालणारा प्रोग्राम आज बंद पडला असता. म्हणून कर्नेल स्वतः तो शिक्का बघतच नाही.

रक्षणाच्या हेतूनं झालेली इजाही इजाच, नाही का? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, आधी धरलं. मुनी चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. तरीही जीव पायाखाली आला, तर प्रश्न एवढाच, की पाहून चालला होतात का?

कर्नेलचा कोड तपासणारा ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून नाव लिहितो, तेव्हा तो कोड निर्दोष चालेल अशी हमी देत नाही. नियमांतच तसं म्हटलंय. कुणाला ही पळवाट वाटेल. मला वाटत नाही. तो फळाची नाही, पाहण्याची ग्वाही देतो. म्हणूनच न वाचता नाव लिहिलं आणि पुढे काहीच बिघडलं नाही, तरी दोष लागलाच.

पण सावधपणालाही किंमत पडते बरं. हे संरक्षण असलेले प्रोसेसर 2020 पासून बाजारात होते. लिनक्सवर ते तोवर निजूनच राहिलं. थांबवण्याची जबाबदारीही पाहणाऱ्याचीच. ‘अजून बघू’ म्हणणं सोपं. काय खटकतंय आणि काय केलं म्हणजे होकार मिळेल, हे त्यानं स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर तोही प्रमादच.