रात्री उघडणारे दार

झेलमच्या काठी वाळूत खणलेले दोन खड्डे आणि त्यांत गळ्यापर्यंत पुरून घेतलेली दोन भावंडे. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पंजाबची थंडी सोसवत नाही, म्हणून त्यांनी कबरीसारखे खड्डे खणून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली होती. पंडिता रमाबाईंनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवला आहे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पुराणे सांगत पायी देशभर हिंडले. 1878 मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. त्या गौरवाची गोष्ट आपल्याला शाळेतच सांगितली जाते. वाळूतली रात्र मात्र कुणी सांगत नाही.

मला ती रात्र अधिक मोलाची वाटते, कारण तिचे उत्तर वीसेक वर्षांनी दौंड तालुक्यात मिळाले. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे स्वतः गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, तिथल्या त्यांच्या शारदा सदनात एवढ्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन हाताशी होती. आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, मग विहिरी, पक्क्या इमारती, हातमाग, छापखाना. अंध बायकांसाठी आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळी सदने झाली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती मिशनमध्ये दीड-दोन हजार जणी राहत होत्या. रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मांतरावरून आणि आश्रमातल्या मुलींच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जे वादळ उठले, त्यातले प्रश्न खरे होते आणि त्यांवर आजही भांडता येईल. पण दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या त्या मुलींना आणायला त्या वेळी किती जण गेले होते, हेही त्याच दमात विचारायला हवे. उघड्यावरची थंडी जिने अंगावर काढली होती, ती बाई मात्र त्यांना आणायला गेली. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच रमाबाईंचा अंत झाला.

केडगावला ते तंबू उभे राहिल्यानंतर शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला ‘माहेर’ ही संस्था सुरू झाली. ती काढणाऱ्या सिस्टर लुसी कुरियन यांनी तिच्यामागची हकिकत अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. 1991 मध्ये पुण्यात एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली. नवरा जिवावर उठला आहे, मला राहू द्या, म्हणाली. कुणाला ठेवून घेण्याचा अधिकार लुसींच्या हाती नव्हता. त्या म्हणाल्या, उद्या या, काहीतरी करू. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवले. ती आणि पोटातले बाळ, दोघेही वाचले नाहीत. त्या ‘उद्या’तून पुढे माहेर उभे राहिले. छळाला कंटाळून निघालेल्या बायका, मुले, रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रिया यांना तिथे आसरा मिळतो.

एक केडगाव, एक वढू. काळ वेगळा, बायका वेगळ्या, पण दोन्हीकडून एकच गोष्ट लक्षात येते. आसऱ्याची गरज रात्रीची असते आणि आपली मदत दिवसाची असते. कार्यालये, अर्ज, ओळखपत्रे, देणगीच्या पावत्या हे सगळे उजेडातले काम. ज्याला घर नाही त्याचा खरा प्रश्न संध्याकाळी सातनंतर सुरू होतो आणि तोवर आपली सगळी दारे लागलेली असतात.

बेघरांसाठी हिवाळ्यात पायी चालण्याचा उपक्रम आता जगात बऱ्याच ठिकाणी होतो. कॅनडात 2011 पासून दर फेब्रुवारीत ‘कोल्डेस्ट नाइट ऑफ द इयर’ ही चाल निघते. लोक कडाक्याच्या थंडीत दोन किंवा पाच किलोमीटर चालतात आणि जमलेला निधी बेघरांसाठी, भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जातो. हे चांगलेच आहे. थंडी अंगाला लागल्याशिवाय काही गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. आपल्याकडेही अशी चाल निघावी असे कुणी सुचवले तर मी पहिल्या रांगेत असेन. मात्र चालण्यात आपण कुणापेक्षा मागे नाही. आपली उणीव चाल कुठे पोहोचते त्यात आहे.

तुकोबांची पालखी आषाढवारीत लोणी काळभोरहून निघून दौंड तालुक्यात येते. यवतला मुक्काम, नंतर वरवंडला. यवतकर पिठलं-भाकरीने वारकऱ्यांची पंगत करतात. भाकरी घराघरांतून थापल्या जातात. देवळे, शाळा, ओसऱ्या, गोठ्यांच्या पडव्या, जिथे पाठ टेकता येईल ती जागा पाहुण्याची. लाखांच्या घरातल्या माणसांना एका रात्रीपुरते घर देण्याची ही ताकद कुठल्या सरकारी योजनेने दिलेली नाही. कुणी आधार कार्ड मागत नाही, गाव विचारले तर ते आपुलकीने. गाडगेबाबांनी हे नेमके ओळखले होते. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा हे एक सूत्र आहे आणि पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथल्या धर्मशाळा हा त्याचा पुरावा. स्वतःसाठी मात्र त्यांनी एक खोलीही बांधली नाही.

आता हाच तालुका पौषात पाहा. पालखी गेलेल्या रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या जात असतात. पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा. यांतला एखादा कारखाना एखाद्या हंगामात बंद राहिला तरी तोडणी थांबत नाही, ऊस शेजारी जातो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुक्काम कोपीत, म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून वर ताडपत्री किंवा चटई, खाली पाचट. आत वाकून शिरावे लागते. पहाटे अंधारात फडात जायचे, गाडी आली की रात्रीही भरायचे. शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात उसातच बिबट्याने घर केले आहे. माणसांवर, लहान मुलांवर हल्ले झाले आहेत आणि ऊसतोड्यांची लेकरे त्याच फडाच्या कडेला, दार नसलेल्या कोपीत झोपतात.

यांना बेघर कसे म्हणायचे, गावाकडे त्यांचे घर आहे की, असे कुणी म्हणेल. आहे. ते ऐन थंडीत कुलूपबंद असते, नाही तर म्हातारी माणसे राखत बसलेली असतात. वर्षातले पाच-सहा महिने, तेही थंडीचे, ज्याच्या डोक्यावर ताडपत्री आहे त्याला मी घर असलेला माणूस म्हणणार नाही. आषाढात ओसरी मोकळी करून देणारा शेतकरी पौषात त्याच वाटेने आलेल्या माणसाला मात्र फडाच्या कडेची जागा दाखवतो. तो निर्दय नाही. एक पाहुणा म्हणून आला आणि दुसरा मजूर म्हणून, एवढाच फरक आहे. आणि तो मला अस्वस्थ करतो.

सरकारी मोजमापही अपुरे पडते. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेने बेघरांची मोजणी केली आणि देशभरात 17 लाख 73 हजार माणसे भरली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात, देवळात, फलाटावर झोपलेली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांसाठी निकष घालून दिला, एक लाख वस्तीमागे एक निवारा, वर्षभर, चोवीस तास उघडा. पुढे 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. निकष चांगला आहे, पण दौंड आणि शिरूर या दोन्ही नगरपरिषदांची 2011 ची लोकसंख्या एकत्र केली तरी एक लाख भरत नाही. मनमाड, सोलापूर, पुणे, बारामती अशा चारही दिशांच्या गाड्या जिथे येतात, त्या दौंड जंक्शनवर रात्री दोन वाजता उतरलेला निराधार माणूस कुठल्या लाखात धरायचा?

दुसरीकडे कायद्याचा हात मात्र लांब आहे. 1959 चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. वॉरंटशिवाय पकडता येते आणि पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येते. दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो. तिथे सरकारी भिक्षेकरी गृहे आहेत. म्हणजे पकडून ठेवायला जागा आहे, आपणहून येणाऱ्याला एक रात्र टेकायला नाही. हे उलटे झाले पाहिजे.

ब्लँकेटवाटपाला माझा विरोध नाही. थंडीत पांघरूण मिळालेल्या माणसाला त्यामागचा हेतू विचारावासा वाटत नाही, आणि विचारायचे कारणही नाही. परंतु ब्लँकेट दिल्यावर आपण घरी जातो आणि तो तिथेच राहतो. रमाबाई मुलींना केडगावला घेऊन आल्या. लुसीबाईंनी ‘उद्या या’ म्हणायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून घर बांधले. दोघींचे मोठेपण मला यात दिसते.

 गाळप हंगामात दौंडला किंवा शिरूरला बेघरांसाठी चाल काढायची असेल तर जरूर काढा, पण सकाळी नको, रात्री नऊला काढा. ती आधी फडाच्या कडेच्या कोप्यांवर न्या आणि ऊसतोड कामगारांसाठी पक्क्या शेडची, दिव्याची, संडासाची मागणी कारखान्याकडे लेखी द्या. मग दौंडची चाल स्टेशनवरून नगरपरिषदेकडे न्या आणि एक खोली मागा. दहा-वीस खाटा, गरम पाणी, रात्रभर जागा राहणारा एक माणूस आणि कागदपत्र न विचारता उघडणारे दार. जमलेला निधी त्या जाग्या माणसाच्या पगाराला द्या. पैसे कमी पडले तर यवतकरांकडे जा, ते नाही म्हणणार नाहीत.